रेषेची नेमकी कोणती बाजू?

पत्राचा सारांश: नाशिकच्या इंदिरानगर भागात घरीच अकरावी-बारावी कॉमर्सचे क्लास घेणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. वय २९, शिक्षण एम. कॉम., बॅचमध्ये १४ मुलं. सध्या बारावीच्या गणितातला एलपीपीचा (लिनियर प्रोग्रॅमिंग प्रॉब्लेम, म्हणजे दिलेल्या अटींत राहून जास्तीत जास्त फायदा किंवा कमीत कमी खर्च शोधण्याचा) धडा चालू आहे. असमानतेचा आलेख काढताना रेषेची कोणती बाजू रंगवायची यासाठी त्या मुलांना एक ट्रिक देतात: ‘≤ आलं की आरंभबिंदूच्या बाजूला, ≥ आलं की आरंभबिंदूपासून लांब.’ त्यांना स्वतःला कॉलेजात हीच मिळाली होती आणि चार वर्षं ती कधी अडली नाही. गेल्या महिन्यात फळ्यावर क्ष − २य ≥ ० आलं. रेषा काढली तर ती आरंभबिंदूतूनच गेली. ‘लांब’ कुठे, ते कळेना. घाईत त्यांनी रेषेच्या वरचा भाग रंगवला. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, (०, ५) घातलं तर शून्य वजा दहा येतं. ते शून्यापेक्षा मोठं कसं?” ताई म्हणाल्या, “असलं परीक्षेत येत नाही, पुढे चला.” रात्री मुलं गेल्यावर त्यांनी पडताळून पाहिलं. मुलगी बरोबर होती. तेव्हापासून ती क्लासमध्ये एकदाही बोललेली नाही. यजमान म्हणतात, झालं गेलं उकरून काढू नकोस, मुलं विसरतात. दोन पालकांनी विचारलंय की शेजारच्या क्लाससारख्या सगळ्या ट्रिक एका पानावर छापून का देत नाही. सराव परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. चूक कबूल करावी का, ट्रिक ठेवावी का, आणि ‘मी मुळात गणिताची नाही, तर गणित शिकवणं बंदच करू का’, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

माझी सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवण्यात गेली आणि तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते.

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी ग्राफ पेपर काढला आणि क्ष − २य = ० ही रेषा ओढली. (०, ०), (२, १), (४, २), (६, ३). तुझ्या विद्यार्थिनीचा (०, ५) हा बिंदू तिच्या बराच वर, थेट य-अक्षावर बसतो. तिने काय केलं बघ. एक बिंदू घेतला, त्याची किंमत घातली आणि विचारलं, की हे जुळतंय का? या धड्यात शिकवण्यासारखं जे आहे ते एवढंच, आणि ते तिला तुझ्या घरच्या त्या सतरंजीवर बसून आपलं आपण सुचलं. मला तुझ्या चुकीपेक्षा या गोष्टीचं जास्त अप्रूप वाटलं.

तू विचारलेले तीनही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. मी ट्रिकपासून सुरुवात करते, कारण तुझ्या मनातली निम्मी अपराधी भावना तिच्यामुळे आहे.

तू लिहितेस, ‘चार वर्षं मी मुलांना चुकीचं शिकवलं.’ तसं झालेलं नाही. ट्रिक खरी आहे. तिच्या पोटात एक अट आहे आणि ती अट तुला कुणी सांगितली नाही. २क्ष + ३य ≤ १२ घे. आरंभबिंदू घातला की डावीकडे शून्य येतं आणि प्रश्न उरतो: ० ≤ १२ आहे का? आहे. म्हणून आरंभबिंदूची बाजू. ५क्ष − ४य ≤ २० घेतलं तरी डावीकडे शून्यच. क्ष आणि य यांच्या मागे अधिक असो की उणे, आरंभबिंदूवर दोन्ही पदं नाहीशी होतात आणि सगळा निवाडा उजवीकडच्या संख्येवर येतो. ती धन असेल तर ≤ ला आरंभबिंदू आत, ≥ ला बाहेर. तुझी ट्रिक अगदी चोख.

आता क्ष − य ≤ −२ घे. ० ≤ −२ आहे का? नाही. चिन्ह ≤ असूनही आरंभबिंदू बाहेर पडला. य ≥ २क्ष − ४ घे. ० ≥ −४, हे खरं. चिन्ह ≥ आणि आरंभबिंदू आत. आणि क्ष-य असलेली पदं डावीकडे नेल्यावर उजवीकडे शून्य उरलं, तर आरंभबिंदू रेषेवरच बसलेला असतो. त्याला कुठलीच बाजू नसते. तू नेमकी तिथे अडकलीस.

पाठ्यपुस्तकातली बहुतेक उदाहरणं ‘मशीनचे इतके तास आहेत’, ‘कच्चा माल इतका किलो आहे’ अशी असतात. उजवीकडे तास, किलो, रुपये. ते ऋण कुठून येणार? म्हणून ट्रिक वर्षानुवर्षं चालते, आणि चालते म्हणून अटीबद्दल कुणी विचारत नाही. तशीच दुसरी एक प्रचलित आहे, ‘≥ म्हणजे रेषेच्या वर’. तिची अट अशी की यचा सहगुणक धन हवा. क्ष − २य मध्ये तो −२ आहे. तू घाईत वरचा भाग रंगवलास तो बहुधा त्याच सवयीने.

आता ट्रिक बाजूला ठेव, आणि थोडा वेळ रेषाही बाजूला ठेव.

मी काय करायचे ते सांगते. ग्राफ पेपरवर मोठे चौकोन धरायचे आणि प्रत्येक छेदावर क्ष − २य ची किंमत बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहायची. तळाच्या ओळीत, जिथे य शून्य आहे, तिथे ०, १, २, ३, ४ असे आकडे येतात. त्याच्या वरच्या ओळीत −२, −१, ०, १, २. त्याच्याही वर −४, −३, −२, −१, ०. पाचेक ओळी झाल्या की मुलांची बोटं पेन्सिलीने काळी होतात आणि कागदावर काहीतरी दिसायला लागतं. शून्यं जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत जातात, दोन घरं उजवीकडे, एक घर वर. त्या शून्यांवर पट्टी ठेवून रेघ मारायला सांग. ती तुझी रेषा. तिच्या उजवीकडे खाली सगळे धन आकडे, डावीकडे वर सगळे ऋण. ‘≥ ० कुठे आहे?’ असं विचार. ते त्यांच्याच अक्षरात समोर लिहिलेलं असेल.

आपण शिकवताना क्रम उलटा ठेवतो. आधी समीकरण, मग रेषा, मग ‘आता बाजू ठरवा’. त्यामुळे मुलांना वाटतं, रेषा ही मुख्य गोष्ट आहे आणि बाजू म्हणजे शेवटी टाकायचा कौल. बिंदू आधी आहेत. असमानता हा कागदावरच्या प्रत्येक बिंदूला विचारलेला प्रश्न आहे. जे ‘हो’ म्हणतात त्यांचा भाग आपण रंगवतो, आणि रेषा म्हणजे त्या भागाचा काठ. काठावरचे बिंदू ‘हो’ म्हणणाऱ्यांत धरायचे का, हे चिन्ह सांगतं. ≤ किंवा ≥ असेल तर धरायचे आणि रेषा सलग काढायची. नुसतं < किंवा > असेल तर धरायचे नाहीत आणि रेषा तुटक काढायची. मुलांना सलग-तुटकचा नियम पाठ असतो, पण तो काठाबद्दल आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मग कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की एवढे सगळे बिंदू आहेत तर परीक्षेत एकच तपासून कसं चालतं? तेव्हा मुलांना गोदावरी आठवायला सांग. पंचवटी कारंजावरून रविवार कारंजावर जायचं, तर अहिल्याबाई होळकर पुलावरून जा नाही तर दुसऱ्या कुठून जा, नदी ओलांडावीच लागते. ओलांडली नाही तर कितीही फिरलात तरी पंचवटीच्याच तीरावर. क्ष − २य ची किंमतही कागदावरून सरकताना हळूहळू बदलत जाते. तिला धनाकडून ऋणाकडे जायचं तर वाटेत शून्य लागतंच, आणि शून्य फक्त रेषेवर आहे. म्हणून एका बाजूचा एक बिंदू ‘हो’ म्हणाला की त्या बाजूचे सगळे ‘हो’ म्हणतात. हा दाखला एका जागी तोकडा पडतो, तेही मुलांना सांग. गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीवर आहे. त्याच्या मागून वळसा घालून माणूस एकही पूल न लागता पलीकडच्या तीरावर येऊ शकतो. रेषेला उगम नाही. ती दोन्हीकडे जातच राहते. मुलं दोन अक्षांच्या मधला तुकडा काढून पट्टी उचलतात ना, त्यांना टोकांना पुढे न्यायला लाव आणि बाण काढायला लाव.

तपासायला आरंभबिंदू सोयीचा, कारण गुणाकार करावा लागत नाही. रेषा त्याच्यातूनच जात असेल तर (१, ०) घे. तोही रेषेवर असेल तर (०, १). कुठलाही चालतो, फक्त रेषेवर नको. तुझ्या उदाहरणात (१, ०) घातला तर १ ≥ ०. रेषेच्या उजवीकडचा, खालचा भाग. संपलं.

आता त्या मुलीबद्दल.

‘चूक कबूल केली तर मुलांचा माझ्यावरचा विश्वास उडेल,’ असं तू लिहिलं आहेस. जरा थांबून बघ. चूक तिला त्याच क्षणी कळली होती. तिच्या शेजारच्या दोघी-तिघींनाही कळली असणार, वही समोर असताना शून्य वजा दहा कुणालाही करता येतं. तुला ती कळली आहे, एवढंच त्यांना माहीत नाही. तेव्हा गप्प राहून तू चूक झाकत नाहीस, ती केव्हाच उघडी आहे. तू फक्त तिचं दुरुस्त होणं लांबवते आहेस. आणि तिला चुकीचं शेडिंग लागलं असेल असं मला वाटत नाही. ‘असलं परीक्षेत येत नाही’ हे लागलं असेल. तिने मनापासून काहीतरी दिलं आणि ते मोडीत निघालं. कदाचित ती आता स्वतःवरच शंका घेत असेल, की मॅडम म्हणतात म्हणजे माझंच काही चुकत असेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मला नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. ऋण संख्येने गुणलं की असमानतेचं चिन्ह उलटतं, हे मी वर्गात सांगत होते. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, पण का उलटतं?” तास संपायला पाच मिनिटं होती. मी म्हटलं, “नियम आहे, लिहून घे.” उत्तर अवघड नव्हतं. २ हे ३ पेक्षा लहान आहे. दोघांना −१ ने गुण, −२ हे −३ पेक्षा मोठं. संख्यारेषेवर शून्यापाशी आरसा धरला की जो उजवीकडे पुढे होता तो डावीकडे पुढे जातो. दोन मिनिटांत फळ्यावर दाखवता आलं असतं. उद्या दाखवू म्हटलं आणि राहून गेलं. तो मुलगा वर्षभर त्याच बाकावर बसला. त्याने परत हात वर केला नाही. त्याची वही मात्र सुंदर असायची, प्रत्येक नियम लाल शाईत, चौकट करून. वह्या तपासताना मला ती लाल चौकट दिसली की पान उलटावंसं वाटायचं. त्याच्याशी बोलायचं धाडस मला झालं नाही. तुझ्या हातात अजून तीन आठवडे आहेत.

तुझे यजमान तुझ्या काळजीपोटीच बोलतात, पण मला त्यांचं म्हणणं निम्मंच पटतं. ज्यांनी विचारलं नाही ती मुलं विसरतील. जिने विचारलं ती विसरणार नाही.

तुझ्यापुढे वाटा आहेत त्या अशा दिसतात. काहीच न बोलता पुढच्या उदाहरणात गुपचूप बरोबर पद्धत वापरायची, ही सगळ्यात सोपी, आणि हुशार मुलं ती ओळखतात. नोट्समध्ये दुरुस्ती छापून द्यायची, ही त्याहून बरी, पण त्यात ती मुलगी कुठेच नाही. तिसरी, वर्गापुढे सरळ सांगायचं. मी तिसरीच्या बाजूने आहे, दोन गोष्टी सांभाळून. पहिली, वर्गाआधी तिच्याशी एकटीशी बोल. क्लास सुटताना चप्पल घालत असेल तेव्हा दोन मिनिटं थांबव. अबोल मुलीला एकदम सगळ्यांपुढे उभं करून कौतुक केलं तर तिला तीही शिक्षाच वाटते, आणि बाकीची मुलं चिडवतात ते वेगळं. दुसरी, वर्गात दोनच वाक्यं बोल: “त्या दिवशी मी चुकीची बाजू रंगवली होती. तपासायची जी पद्धत तुमच्यातल्या एकीने वापरली, तीच आपण आता वापरू.” लगेच खडू उचल. लांबलचक माफी मागू नकोस. चौदा मुलांनी तुझं ओझं वाहावं अशी वेळ त्यांच्यावर आणायची नाही.

‘मी मुळात गणिताची नाही.’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आलं आहे, मी मोजलं. ताई, आपल्या देवळालीत एक शाळामास्तर होते, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, मृत्यू १९८६. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, नोकरीची सगळी वर्षं ते शाळेतच शिकवत राहिले, आणि ६१७४ या संख्येला आज जगभर त्यांच्या नावाने ओळखतात. कोणतीही चार अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, चढत्या क्रमाने लाव, वजाबाकी कर, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच कर. ३५२४ घेऊ. ५४३२ − २३४५ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. तिथून ती हलत नाही. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की सातवीतलं पोर पाटी घेऊन बसलं तरी त्याला स्वतः पडताळून बघता येतं, कापरेकर मास्तरांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. तुझ्या विद्यार्थिनीने (०, ५) घातला तेव्हा तिनेही तुझ्या शब्दावर न थांबता पडताळून बघितलं. आणि तू रात्री मुलं गेल्यावर वही उघडून बसलीस, त्याला काय म्हणतेस? जी गणिताची नसते ती झोपून जाते. तेव्हा क्लास बंद करायचा विचार मनातून काढ.

पालकांचं काय, तर त्यांना एक पान हवंय ना, एक पान दे. त्यावर ट्रिकही छाप, पण तिच्याखाली ठळक लिही: ‘क्ष-यची पदं डावीकडे आणि उजवीकडची संख्या धन असेल तरच.’ तिच्याखाली: ‘नसेल तर, किंवा शंका आली तर, रेषेवर नसलेला एक बिंदू घालून बघा.’ शेजारच्या क्लासच्या पानावर ही ओळ असेल असं मला वाटत नाही. मार्कांच्या दृष्टीनेही मुलांना सांग की उत्तरपत्रिकेत ‘(०, ०) घातल्यास ० ≤ १२, सत्य, म्हणून आरंभबिंदूची बाजू’ एवढी ओळ लिहाच. पंधरा सेकंद लागतात, आणि तपासणाऱ्याला बाजू का निवडली ते दिसतं.

शेडिंगबद्दल एक कळकळीची सूचना, कारण मी यात फार आलेख बरबाद झालेले पाहिले आहेत. चार असमानता असल्या की मुलं चारही भाग एकावर एक रंगवतात आणि शेवटी कागदावर राखाडी चिखल उरतो. प्रत्येक रेषेवर फक्त दोन छोटे बाण काढायचे, हव्या त्या बाजूला तोंड करून. सगळे बाण झाले की जो भाग सगळ्यांना आत घेतो तेवढाच शेवटी रंगवायचा, तोच फीजिबल रीजन. क्ष ≥ ०, य ≥ ० दिलं असेल तर पहिल्या चरणाबाहेर जायचंच नाही. आणि स्केल आधी ठरवायचं. एका अक्षावर ९० आणि दुसऱ्यावर ३६ जायचं असेल तर दोन्ही अक्षांना एकच स्केल घ्यायची सक्ती नाही, फक्त कोपऱ्यात दोन्ही लिहायची.

९० आणि ३६ मी उगाच घेतले नाहीत. तुझ्या बॅचला हे गणित दे. समजा दिंडोरीहून एक पिकअप माल भरून निघणार आहे. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं, कांद्याची गोणी ५० किलोची, गाडीत जास्तीत जास्त १८ क्विंटल. कांद्याच्या निदान १० गोण्या पोचवायच्याच आहेत. आणि व्यापाऱ्याने सांगितलंय की क्रेट गोण्यांच्या निदान दुप्पट हवीत. क्रेट क्ष, गोण्या य. वजनाची असमानता २०क्ष + ५०य ≤ १८००, दहाने भागली की २क्ष + ५य ≤ १८०, अक्षांना छेद (९०, ०) आणि (०, ३६). इथे ट्रिक चालते. य ≥ १०, इथेही चालते. क्ष ≥ २य, म्हणजे क्ष − २य ≥ ०, आणि इथे ती अडते. तुझ्या फळ्यावरचीच असमानता आहे ही. ‘निदान दुप्पट’, ‘निम्म्याहून जास्त नको’, ‘तेवढ्याला तेवढं’ असं कुणी म्हटलं की रेषा आरंभबिंदूतून जाणार. म्हणून ‘असलं परीक्षेत येत नाही’ हेही वर्गात परत घे. कारखान्याच्या गणितात ते कधीही येऊ शकतं.

बाण काढले की एक त्रिकोण उरतो. त्याचे कोपरे (२०, १०), (६५, १०), (४०, २०). मधला एखादा बिंदू, (४०, १५) घालून तीनही असमानता तपासायला लाव. १५५ ≤ १८०, १५ ≥ १०, ४० ≥ ३०. जुळलं. मग म्हणावं, क्रेटला ३० रुपये आणि गोणीला ६० रुपये भाडं मिळत असेल तर? कोपऱ्यांवर १,२००, २,५५० आणि २,४०० येतात. ६५ क्रेट, १० गोण्या. कुणी शेतकऱ्याचं मूल असेल तर ते म्हणेल, मॅडम, अर्धं क्रेट कुठे भरतात? त्याचं ऐक. त्रिकोणातले सगळेच बिंदू गाडीत भरता येत नाहीत, फक्त पूर्णांकांचे भरता येतात. इथे कोपरे नशिबाने पूर्ण आले. १८ ऐवजी १५ क्विंटल कर, वरचा कोपरा अपूर्णांकात जातो. करून बघ.

मुलं ‘याचा उपयोग काय’ विचारतीलच. प्लायवूडच्या कारखान्यात मशीनवर काम कसं वाटायचं, या प्रश्नातून १९३९ मध्ये लिओनिद कांतोरोविच या रशियन गणितज्ञाने ही वाट धरली. १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँट्झिगने सिम्प्लेक्स पद्धत मांडली. तिथे दोन ऐवजी शेकडो चलं असतात, आलेख काढता येत नाही, पण कोपऱ्याकोपऱ्याने जाण्याची कल्पना हीच. कांतोरोविचला पुढे १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कॉमर्सच्या मुलांना ‘अर्थशास्त्राचं’ हे मुद्दाम सांग.

तीन आठवड्यांचं वेळापत्रक तूच ठरव, पण पहिला एक तास आकड्यांच्या त्या ग्राफ पेपरला दे. तो वाया जाणार नाही. पुढच्या प्रत्येक उदाहरणात बाजूवरून होणारी घासाघीस वाचेल. त्या तासाला फळ्यावर क्ष − २य ≥ ० पुन्हा लिही, तुझी दोन वाक्यं बोल, आणि मुलांनाच तपासायचे बिंदू सुचवू दे. ती मुलगी पहिल्या दिवशी बोलली नाही तर राहू दे, तिच्याकडे बघत बसू नकोस. आठवड्याने बोलेल. जेव्हा बोलेल तेव्हा तिने कुठला बिंदू सुचवला, ते मला नक्की कळव.